एक लिटर आणि तीन लिटर

सुभद्राक्कांच्या घरी आलेल्या माणसाला पाणी विचारत नसत. हे मला पहिल्याच भेटीत कळलं, पण त्याचं कारण कळायला तीन आठवडे गेले.

बेंगळुरूतल्या के. आर. पुरमच्या त्या बिल्डिंगमध्ये मी नुकतीच राहायला आले होते. चौथा मजला, लिफ्ट बंद, एप्रिलचं ऊन. सामानाचे खोके वर आणून आणून घसा कोरडा पडला होता. दूध कुठं मिळतं ते विचारायला मी समोरच्या दाराची बेल वाजवली. दार अर्धंच उघडलं. साठी ओलांडलेल्या, उंच, ताठ बांध्याच्या बाई. त्यांनी आधी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, मग हातांकडे. माझ्या हातात पाण्याची बाटली होती.

"ती बाटली तिथं चपलांजवळ ठेव," त्या म्हणाल्या. "मग आत ये."

मला वाटलं, सोवळं-ओवळं असेल. बाटली ठेवून आत गेले. दूध, भाजी, गॅस, सगळ्याची माहिती त्यांनी नीट दिली. पाणी मात्र पुढं आलं नाही. शेवटी मीच मागितलं. त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तहान लागली असली तर घरी जाऊन पी. इथं नको."

मी सांगलीची. आमच्याकडे दारात आलेल्या अनोळखी माणसालासुद्धा आधी पाणी देतात. रागानं घरी आले आणि दौऱ्यावर असलेल्या नवऱ्याला फोनवर सांगितलं, शेजारीण चमत्कारिक मिळाली आहे.

चमत्कारिक त्या होत्याच. त्यांचं घराणं बेंगळुरूत येऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही नक्की सांगता येत नसे. मराठी घरात बोलायची, बाकी सगळं कन्नडमध्ये, त्यामुळे त्यांच्या मराठीत 'ठीक'च्या जागी 'सरी' आणि 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' इतक्या सहज यायचे की काही महिन्यांनी माझ्याही तोंडात बसले. सगळे त्यांना अक्का म्हणत. नोकरी रेल्वेत झालेली, तिकीट तपासनीस म्हणून. तीस-एक वर्षं डब्याडब्यातून फिरून त्यांची नजर अशी झाली होती की, समोरचा माणूस काही लपवतो आहे असं धरूनच त्या बोलायला सुरुवात करत.

"तिकीट नंतर बघायचं," त्या मला एकदा म्हणाल्या. "आधी डोळे. तिकीट नसलेला माणूस खिडकीबाहेर फार मन लावून बघत असतो."

'कशावरनं?' हा त्यांचा शब्द. भाजीवाल्यानं कोथिंबीर ताजी म्हटली की, कशावरनं? मी उद्या ऑफिस घरूनच आहे म्हटलं की, कशावरनं? सोसायटीत पाण्याचा टँकर आला की सेक्रेटरी खाली जाऊन सही करायचे आणि अक्का त्यांच्या मागून जाऊन टाकीचं झाकण उघडून आत बघायच्या. सेक्रेटरींना याचा राग येई. एकदा ते मला म्हणाले, "या बाईंचा देवावर तरी विश्वास आहे का?" मी हे अक्कांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुला ते असं म्हणाले कशावरनं, असं त्यांनी विचारलं असतं.

पाण्याचं कारण म्हणजे त्यांचे यजमान, आनंदराव. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी उभा जन्म पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात लेथवर काढला होता. बारीक अंगाचे, मिशीखाली हसणारे, कमी बोलणारे. माझं नाव मेधा, ते मला 'मेधम्मा' म्हणायचे. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा अक्का त्यांना रिक्षानं डायलिसिसला नेत. आत गेलेलं पाणी बाहेर पडायला त्यांच्या शरीरात वाटच उरली नव्हती. ते साठायचं, आधी पायांवर सूज यायची, मग छातीत भरून दम लागायचा. मशीननं एका वेळी फार पाणी ओढलं की पोटऱ्यांत गोळे येऊन अण्णा ओरडायचे. म्हणून डॉक्टरांनी बांधून दिलं होतं, दिवसाला एक लिटर. कॉफी, सार, ताक, गोळ्या गिळायचं पाणी, सगळं धरून एक लिटर.

अक्का सकाळी एक तांब्या भरून ठेवत. अण्णा दिवसभरात जे पितील ते त्या तांब्यातून. कॉफी दिली की तेवढंच पाणी तांब्यातून काढून कढीपत्त्याच्या कुंडीत. वाटीभर सार दिलं की वाटीभर कुंडीत. संध्याकाळी तांब्यात काय उरलंय ते अण्णा वाकून बघत. मी एकदा ते बघणं पाहिलं आणि त्यानंतर त्या घरात पाणी मागितलं नाही.

चूळ भरायला अण्णांना एक पेला पाणी मिळे. तेसुद्धा अक्कांच्या समोर. एक पेला तोंडात, एक पेला मगमध्ये बाहेर. मगमधलं पाणी त्या पुन्हा पेल्यात ओतून बघत. जरा कमी भरलं की अण्णांकडे नुसत्या बघत राहत.

"अगं, थोडं दातांत अडकलं असेल," अण्णा म्हणत.

"दात किती राहिलेत तुम्हाला?"

हसू येई, पण ते हसण्यासारखं नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं.

मी राहायला आले त्याच वर्षी पावसाळ्यात अण्णांचं वजन वाढायला लागलं. एका डायलिसिसपासून दुसऱ्यापर्यंत दोन किलोच्या आत राहायला हवं होतं, ते साडेतीन भरू लागलं. तांब्या तर रोज तोच, मापही तेच. म्हणजे पाणी दुसरीकडून येत होतं. अक्कांनी तपास सुरू केला.

पहिला संशय मंजुळावर. ती भांडी घासायला यायची, गरीब स्वभावाची बाई, अण्णांना 'अप्पा' म्हणायची. अक्कांनी तिची पिशवी दाराबाहेर ठेवायला लावली. मग ती स्वयंपाकघरात असेपर्यंत दारात स्टूल टाकून बसायला लागल्या. चार दिवसांनी मंजुळानं काम सोडलं. जाताना माझ्या दारात उभी राहून ती रडली. म्हणाली, "चोरी केलीस म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी अप्पांना मारते आहे असं त्यांना वाटतं."

दुसरा संशय माझ्यावर. माझं आठवड्यातलं दोन दिवसांचं काम घरून चालायचं आणि दार बऱ्याचदा उघडं असायचं. अक्का येऊन बसल्या. इकडचं तिकडचं बोलल्या. मग एकदम विचारलं, "ते तुझ्याकडं येतात काय?"

"नाही."

"कशावरनं? तू मीटिंगमध्ये असतीस, कानात ते घालून."

मी म्हटलं, "अक्का, मी त्यांना पाणी दिलेलं नाही." तेव्हा ते खरं होतं. त्यांनी माझ्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं, 'सरी' म्हणाल्या आणि उठून गेल्या. सुटले असं मला वाटलं. एखाद्या गाडीतून विनातिकीट उतरल्यासारखं.

मग त्यांनी अण्णांच्या मागं जायला सुरुवात केली. अण्णा संध्याकाळी देवळापर्यंत फिरून येत. त्या दिवशी मीही अक्कांबरोबर होते, भाजी आणायचं निमित्त होतं. अण्णा पुढं हळूहळू चालत होते, आम्ही औषधाच्या दुकानाच्या आडोशानं, रिक्षांच्या रांगेमागून. देवळाच्या अलीकडे एक बेकरी आहे. अण्णा तिथं थांबले. काउंटरवरच्या माणसानं न विचारता त्यांच्या हातात कागदाची पुडी दिली. मसाला लावलेले शेंगदाणे, तिखट आणि खारट. अण्णांनी ते एकेक करून, डोळे मिटून खाल्ले. अक्कांनी वर्षानुवर्षं त्यांच्या जेवणातलं मीठ जवळजवळ बंद केलेलं होतं.

नंतर ते देवळाच्या आवारात गेले. पाय धुवायचा नळ होता तिथं वाकले, ओंजळ धरली आणि प्यायला लागले. एक ओंजळ, दोन, तीन. मी मोजत होते. अक्काही मोजत असणार. पाचव्या ओंजळीला त्या पुढं गेल्या आणि अण्णांच्या अगदी शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. नोकरीतला आवाज काढून फक्त म्हणाल्या,

"तिकीट?"

अण्णा तसेच वाकलेले राहिले. ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळून गेलं. मग सरळ होऊन, मिशी पुसून, खाली बघत म्हणाले, "नाही."

दोघं परत घरी निघाले. मध्ये रस्ता ओलांडताना अक्कांनी त्यांचा हात धरला आणि पलीकडे गेल्यावरही सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मंजुळाच्या घरी गेल्या. मंजुळानं मला नंतर सांगितलं, माफी वगैरे काही मागितली नाही. दारात उभं राहून म्हणाल्या, "तू नव्हतीस." आणि परत आल्या. मंजुळा सोमवारपासून कामावर आली.

यानंतरच्या उन्हाळ्यात एका सकाळी अण्णांनी माझं दार ठोठावलं. बेल न वाजवता हातानं. अक्का स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या, कमरेला हात लावून, घामानं डबडबलेल्या. "काही नाही, वात आहे," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या क्षणी त्यांना उलटी झाली. मी कॅब बोलावली. हॉस्पिटलमध्ये सोनोग्राफी झाली. मुतखडा होता.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "दिवसाला पाणी किती पिता?"

"पुरेसं," अक्का म्हणाल्या.

"म्हणजे किती?"

अक्का खिडकीबाहेर बघायला लागल्या. फार मन लावून. अण्णा पायाशी स्टुलावर बसले होते. ते हळूच म्हणाले, "डॉक्टर, चार वर्षांत मी हिला पाणी पिताना बघितलेलं नाही."

मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. अण्णांना एक लिटर बांधून दिलं त्या दिवसापासून अक्का त्यांच्यासमोर पाणी पीत नव्हत्या. सकाळी ते उठायच्या आधी एक पेला, ते फिरायला गेल्यावर एक पेला. डायलिसिस चालू असताना चार-चार तास बाहेर बाकावर बसायच्या, तिथंही नाही, कारण आत ते कोरड्या तोंडानं पडलेले असायचे. घरात घोट घेतलेला आवाज येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. माणूस तहानलेला असला की त्याला दुसऱ्या खोलीतला घोट ऐकू येतो.

"तुम्हाला तीन लिटर पाणी प्यायला हवं," डॉक्टर म्हणाल्या. "रोज. नाहीतर हा जाईल आणि दुसरा होईल."

अक्कांनी मान हलवली. कॅबमध्ये बसल्यावर मात्र म्हणाल्या, "एका घरात एकाला एक लिटर, एकाला तीन लिटर. माणसाला पाणी किती लागतं, हे यांना तरी नक्की माहीत आहे काय? का ज्याच्या त्याच्या तोंडाकडं बघून आकडा सांगतात?"

"माझ्या तोंडाकडं बघून एक, तुझ्या तोंडाकडं बघून तीन," अण्णा म्हणाले. "चुकीचं काय आहे त्यात?"

त्या दिवसापासून त्या घरातला तपासनीस बदलला. लेथवर केसाच्या जाडीचा फरक ओळखणारा माणूस तो. त्यांनी तीन काचेच्या बाटल्या आणल्या, प्रत्येकीत मोजून लिटरभर पाणी भरून जिथं पातळी आली तिथं कानशीनं बारीक खूण केली. सकाळी आठला तिन्ही भरून ओट्यावर. दुपारी एकपर्यंत पहिली रिकामी हवी, पाचपर्यंत दुसरी, रात्रीच्या जेवणाआधी तिसरी. बाटल्या वेळेवर रिकाम्या होत होत्या. अण्णांना संशय आला तो कढीपत्त्याच्या कुंडीवरून. ते झाड पिवळं पडायला लागलं होतं आणि कुंडीखालची फरशी सतत ओली.

ते माझ्याकडे आले. तपासाचा अहवाल द्यावा तसं सगळं सांगितलं. मग म्हणाले, "मेधम्मा, ती माझ्यासमोर पिणार नाही. मी घरात आहे तोवर तिच्या घशाखाली उतरणार नाही. मी कुठं जाऊ? तुमच्याकडं येऊन पिऊ दे तिला. तुम्ही नसाल तेव्हा किल्ली ठेवून जा."

मी हो म्हटलं. अक्कांना हे पटायला आठवडा लागला, आणि पटलं तेही त्यांच्या पद्धतीनं.

"मला तिकडं पाठवून हे इकडं पितील," त्या म्हणाल्या. "म्हणूनच एवढी काळजी."

"कशावरनं?" अण्णांनी विचारलं. तो शब्द वापरायला मिळाल्याचा त्यांचा आनंद लपत नव्हता.

शेवटी असं ठरलं. अक्का बाटली घेऊन माझ्याकडे येताना स्वयंपाकघराला कुलूप लावायच्या. दोन्ही घरांची दारं सताड उघडी ठेवायची. अक्का माझ्या हॉलमध्ये अशा बसायच्या की त्यांना समोर आपलं घर दिसावं. आणि अण्णा त्यांच्या हॉलमध्ये, दारापासून तीन हातांवर, खुर्ची भिंतीकडे तोंड करून बसायचे. आमच्याकडे पाठ.

"बसलो," ते तिकडून म्हणायचे. "बघत नाही. पी."

अक्का पेला तोंडाला लावायच्या. सुरुवातीला एकेक घोट असा घेत, जणू कोणी बघेल. त्यांची नजर समोरच्या पाठीवर असे. अण्णांची मान जरा हलली की पेला खाली. आवाज होऊ नये म्हणून मी पंखा मोठा करत असे. दिवसातून तीन वेळा हे चालायचं. मी घरी असले की मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसायची, पण खरं तर मीही त्या दोघांकडेच बघत असायची. चाळीस-बेचाळीस वर्षांचा संसार झालेली दोन माणसं, मधे एक जिना, आणि दोघांचाही एकमेकांवर काडीचा विश्वास नाही.

बाटली संपली की अक्का पेला टेबलावर जरा वाजवून ठेवत. तो आवाज ऐकून अण्णा विचारत, "तळापर्यंत?"

"तळापर्यंत."

"मेधम्मा, खरं काय?"

"खरं, अण्णा," मी सांगत असे. मग ते खुर्ची फिरवत.

त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात, अक्कांना खडा गेला का ते बघायला पुन्हा सोनोग्राफीला बोलावलं होतं. मुलगी शैला मैसूरहून आली होती, ती त्यांना घेऊन गेली. जाताना अक्कांनी स्वयंपाकघराला कुलूप लावलं, बाथरूमच्या नळाचा कॉक वरून बंद केला आणि माझ्याकडे एकदा बघितलं.

दुपारी अण्णा आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. ओठांना भेगा पडल्या होत्या. तांब्यातलं पाणी त्यांनी सकाळीच संपवलं होतं, उन्हाळाच तसा होता.

"मेधम्मा," ते म्हणाले, "अर्धा पेला."

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी हात वर केला. "मला सगळं माहीत आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी जाईन. राग येणार नाही."

मी सांगलीहून आणलेल्या माठातलं पाणी दिलं. त्यात वाळ्याची जुडी टाकलेली होती. अर्धा पेला, त्याच्या वर एक थेंब नाही. ते दारातल्या स्टुलावर बसले. पहिला घोट त्यांनी इतका वेळ तोंडात धरून ठेवला, की गिळायचं विसरले की काय असं वाटलं. चार घोटांत पेला संपला. पेला परत देताना म्हणाले, "तिला सांगू नका असं मी म्हणणार नाही. तुम्हाला खोटं बोलायला लावायचं नाही. तिनं विचारलं तर सांगा."

अक्कांनी विचारलं नाही. परत आल्या, खडा गेला होता, आनंदात होत्या. त्या संध्याकाळी माझ्याकडे येऊन तिसरी बाटली संपवली. पेला खाली ठेवताना त्यांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते. लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

त्यानंतर महिनोन्‌महिने मी त्या नजरेची वाट बघत होते. जिन्यात भेटल्या की वाटायचं, आता विचारतील. अण्णांचं वजन जरा वाढलं की मी मनात तो अर्धा पेला पुन्हा मोजायची. मी पुन्हा कधी दिलं नाही, त्यांनी पुन्हा कधी मागितलं नाही.

डिसेंबरात डायलिसिस करून परतताना रिक्षात अण्णा गेले. व्हाइटफील्डच्या बाजूला गाड्या तुंबल्या होत्या, रिक्षा जागची हलत नव्हती. त्यांनी अक्कांच्या खांद्यावर डोकं टेकलं. अक्कांना आधी वाटलं, झोपेचं सोंग आहे. सिग्नलजवळ पाणी विकणारा एक माणूस रिक्षाशी आला होता आणि अण्णा मागायच्या आधीच डोळे मिटून मोह टाळत असतील, असंही वाटलं. त्यांनी मला हे सगळं सांगितलं तेव्हा त्या रडत नव्हत्या. हृदय थांबलं, असं हॉस्पिटलमध्ये सांगितलं. तिथंही त्यांनी विचारलं होतं, "कशावरनं?" डॉक्टरांनी त्यांना कागदावरची सरळ रेघ दाखवली.

दिवस झाल्यावर शैला त्यांना मैसूरला नेणार होती. मी सामान आवरायला गेले. अक्का अण्णांच्या शर्टांच्या घड्या घालत होत्या. शैला खाली गेली होती. मी पुस्तकांचा गठ्ठा बांधत होते.

"मेधा," त्या म्हणाल्या, मान वर न करता. "मी सोनोग्राफीला गेले त्या दिवशी ते तुझ्याकडं आले होते."

माझे हात थांबले. आणि माझ्या तोंडून नको तो शब्द निघून गेला. "कशावरनं?"

"मिशीला वाळ्याचा वास होता."

मी गठ्ठ्याच्या सुतळीला गाठ मारली. मग म्हटलं, "तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं."

"हो की."

"मग बोलला का नाहीत?"

"एवढी वर्षं नोकरी केली. सगळ्यांनाच पकडलं असं नाही." त्यांनी एक शर्ट उलगडला, पुन्हा घडी घातली. "किती दिलंस?"

"अर्धा पेला."

"भरून अर्धा का कमी?"

"अर्धा. मी बघून दिला."

आता काय येईल म्हणून मी जमिनीकडे बघत होते.

"गार होतं?"

"हो. माठातलं."

"मी कोमट द्यायची," अक्का म्हणाल्या. "गार दिलं की अजून मागतात म्हणून." आणि त्यांनी पुढचा शर्ट घेतला. तो हातात तसाच राहिला. बऱ्याच वेळानं शैला वर आली तेव्हाही तो त्यांच्या हातात होता.

त्या मैसूरला गेल्या. समोरच्या फ्लॅटमध्ये दुसरे लोक आले. फोन मी करत असे, पण फोनवर अक्का नीट बोलत नसत. समोर चेहरा नसेल तर बोलणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा, असं त्यांना वाटत असावं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, याच वर्षी मार्चमध्ये. के. आर. पुरमच्या मेट्रो स्टेशनवर सकाळची गर्दी होती. त्या दिवशी काही कारणानं तपासणी कडक होती, बॅगा मशीनमधून जाऊन पुन्हा हातानंही उघडत होते. रांग लांब झाली होती. पुढं दहा-बारा माणसांवर एक उंच, ताठ पाठ दिसली. पेन्शनच्या कामाला आल्या असाव्यात.

तपासणीचा माणूस पन्नाशीचा होता, सकाळपासून उभा राहून दमलेला. त्यानं अक्कांच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली, उजेडात धरून बघितली आणि त्यांच्या हातात देऊन कन्नडमध्ये म्हणाला, "अम्मा, एक घोट पिऊन दाखवा." बाटलीत दुसरं काही नाही ना, याची खात्री करायची त्याची ती पद्धत होती.

अक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांची अशी झडती घेत असावं. मला वाटलं, आता भांडण होणार. पण त्यांनी बाटलीचं टोपण काढलं आणि प्यायला लागल्या. भर गर्दीत, सगळ्यांच्या देखत, मान वर करून. एक घोट झाला, तो "साकू, अम्मा, साकू" म्हणाला, पुरे म्हणून. अक्का थांबल्या नाहीत. त्याच्या डोळ्यांत बघत सावकाश पीत राहिल्या. मागची माणसं चुळबुळायला लागली. कोणीतरी घड्याळ बघितलं. त्यांनी अख्खी बाटली संपवली, पदरानं तोंड पुसलं, टोपण लावलं.

मी हाक मारणार होते. तेवढ्यात अक्का जरा पुढं झुकल्या आणि त्या माणसाच्या ओठांकडे निरखून बघत त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "आणि तुम्ही? सकाळपासून किती प्यालात?"

तो गडबडला. रांगेकडे बघत त्यानं हातानंच काहीतरी माप दाखवलं आणि काही बोलला. मला ऐकू आलं नाही. अक्कांनी पिशवी खांद्याला लावली आणि जिन्याकडे निघाल्या. पहिल्या पायरीवर थांबून त्यांनी मागं वळून त्याच्याकडे पाहिलं. त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवलेला नव्हता.